तालमीतल्या एका पोराला हिपॅटायटिस बी निघालाय, बाकीच्यांना लस द्यायची का?

वारणाकाठ

रामराम मंडळी. मला टाइप करायला जमत नाही, मोबाइलमध्ये बोलून लिहितोय. शब्द इकडंतिकडं झाले तर सांभाळून घ्या.

वाळवा तालुक्यात वारणेकाठी आमची तालीम आहे. तालीम गावाची, वस्ताद मी. वय ५२. पोरं २५ आहेत. त्यातली आठ लहान, १२ ते १५ ची, बाकीची १८ ते २४ ची. सगळी तालमीतच झोपतात, एका पातेल्यातलं खातात आणि एका हौद्यात लढतात.

१४ जूनला शेजारच्या गावात रक्तदान शिबिर झालं, आमच्या सहा जणांनी रक्त दिलं. जुलै लागला आणि त्यातल्या एकाला रक्तपेढीतून फोन आला, एकटाच येऊन भेट म्हणून. तिथं त्याला सांगितलं की तुझ्या रक्तात हिपॅटायटिस बी निघालाय, पुढच्या तपासण्या कर आणि यापुढं रक्त देऊ नको. पोरगं १९ वर्षांचं, ७४ किलोत खेळतं. ढाक असा मारतं की समोरच्याला आभाळ दिसल्यावरच कळतं काय झालं ते. रात्री सगळी झोपल्यावर माझ्याकडं आला आणि एवढंच म्हणाला, "वस्ताद, उद्यापासनं मातीत उतरू का नको?" मी म्हणालो, चार दिवस अंगात कणकण आहे म्हणून सांग. चार दिवसांचे आता नऊ झालेत. पोरं विचारायला लागलीत.

डोळे पिवळे नाहीत, लघवी पिवळी नाही, भूक वाघासारखी. मग रोग कुठाय, हे मला कळेना. पण नाव ऐकल्यापासून झोप नाही. त्याचं ताट वेगळं करावं का? थंडाईचा लोटा एकच फिरतो, तो बंद करावा का? हौद्यातल्या मातीत आम्ही हळद, ताक, लिंबू, तेल, कापूर घालतो, वाडवडिलांपासूनची रीत आहे, त्यानं जंतू मरत नाहीत का? आणि लस सगळ्यांना द्यायची म्हटलं तर किती वेळा, कुठं, आणि आधी रक्त तपासायचं का नंतर?

अजून एक गोष्ट आहे, ती सांगायला जीभ रेटत नाही, पण नाव लपवून लिहितोय तर सांगतो. पैलवानाच्या कानात रक्त साकळतं हे तुम्हाला माहीत असेल. आमच्याकडं एक अण्णा आहेत, ते सिरिंजनं ओढून काढतात. सुई एकच. गरम पाण्यात बुडवून घेतात. ह्या वर्षात चार-पाच पोरांचे कान झाले असतील. दाढीचा वस्तारासुद्धा नाभिक मामांचा एकच असतो, पातं बदलतात का ते मी कधी बघितलं नाही.

घरी बायकोलाही बोललो नाही अजून. काय करू?

मिरजेची_लॅबवाली

नमस्कार वस्ताद. मी १९९९ पासून मिरजेत लॅबमध्ये रक्त काढतेय. तुमचं ते कानाच्या सुईचं वाचलं आणि चहा बाजूला ठेवला. म्हणून आधी कानाचंच बोलते.

ती सुई आज फेकून द्या. उद्या नाही, आज. फेकायची म्हणजे उकिरड्यावर नव्हे, जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत घालून झाकण लावा आणि दवाखान्यात नेऊन द्या. गरम पाण्यात बुडवून हा विषाणू मरत नाही. सुकलेल्या रक्तातसुद्धा तो शरीराबाहेर सात दिवस तग धरतो. बाधित रक्ताची सुई टोचली आणि त्या माणसाची लस झालेली नसेल, तर लागण होण्याची शक्यता शंभरात ६ ते ३० इतकी धरतात. एचआयव्हीला हाच आकडा हजारात तीनच्या आसपास आहे. लोक एचआयव्हीला घाबरतात आणि ह्याला "कावीळ" म्हणून सोडून देतात. इथून पुढं कानाचं काम डॉक्टरकडंच, दर वेळी नवी सुई.

आता तुमच्या जिवाला लागलेलं. ताट वेगळं करू नका. लोटाही फिरू दे. हा रोग जेवणातून, पाण्यातून, एका खोलीत झोपल्यानं, पाठ थोपटल्यानं होत नाही. पाण्यातून येते ती हिपॅटायटिस ए आणि ई. २०१९ च्या पुरानंतर आपल्याकडं सगळे ज्या काविळीला धास्तावले होते, ती ही नव्हे. बी पसरतो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. तालमीत धोका कशाचा? उघडी जखम उघड्या जखमेला घासते, वस्तारा, कानाची सुई, आणि ओरखडे पुसायला सगळ्यांत एकच पंचा. जपानमध्ये एका शाळेच्या सुमो क्लबात पोरांपोरांत हा पसरल्याचं १९८२ साली वैद्यकीय मासिकात छापून आलं होतं. स्वीडनमध्ये तर १९५७ ते १९६३ च्या दरम्यान रानातून नकाशा घेऊन पळणाऱ्या पाचशेहून अधिक खेळाडूंना झाला. काट्यांनी पाय ओरबाडायचे आणि शर्यत संपली की सगळे एकाच पाण्यानं पाय धुवायचे. ते तर एकमेकांना हातही लावत नव्हते.

हळद-ताकाचं म्हणाल तर माती मऊ राहते, अंगाला लागत नाही, वास चांगला येतो, हे सगळं खरं. विषाणूला त्याचं काही नाही. मातीत रक्त सांडलं तर तेवढी माती खुरप्यानं काढून टाका. मॅटवर सांडलं तर हातमोजे घालून आधी पुसा, मग एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट ओतून दहा मिनिटं राहू द्या. मोठ्या स्पर्धेत रक्त दिसलं की पंच कुस्ती थांबवतात, जखम बांधल्याशिवाय पुढं जाऊ देत नाहीत. तालमीतही तेच करा.

तपासणी लसीच्या आधी. एचबीएसएजी ही ती चाचणी. ही लस त्याच विषाणूच्या वरच्या आवरणाच्या प्रथिनाची असते, त्यामुळं लस घेतल्यावर काही दिवस ही चाचणी उगीच पॉझिटिव्ह दाखवू शकते. आमच्याकडं एक मुलगी लस घेऊन चौथ्या दिवशी आली होती. आई रडून रडून अर्धी झाली, पुढच्या महिन्यात रिपोर्ट स्वच्छ. म्हणून रक्त सकाळी काढा, लस त्याच दुपारी दिली तरी चालेल. रिपोर्टसाठी लस अडवून ठेवू नका. ज्याला आधीच रोग आहे त्याला लसीनं अपाय होत नाही, फायदाही होत नाही. पण लस घेतली म्हणून तो निर्धास्त झाला, तर तो मोठा धोका.

आणि पोराचं. पिवळं दिसत नाही म्हणजे नाही, असं ह्या रोगात चालत नाही. वर्षानुवर्षं काही दिसत नाही आणि चाळिशीत लिव्हर कडक झालेलं सापडतं. त्याच्या आईची आणि भावंडांची तपासणी करा. मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातल्या पंचाण्णवांचं शरीर विषाणू हाकलून देतं. जन्मताना झाली तर शंभरातल्या नव्वदांच्या अंगात तो मुक्काम ठोकतो. १९ वर्षांच्या धडधाकट पोरात गुपचूप बसलेला निघाला, तर मला तरी तालमीपेक्षा पाळण्याचा संशय जास्त येतो.

शिराळकडचा

वस्ताद घाबरू नका. आमच्या इकडं एकजण काविळीची माळ घालतो, माळ पायापर्यंत उतरली की कावीळ गेली. शिवाय नाकात थेंब टाकतो, पिवळं पाणी भसाभसा येतं. पैसे घेत नाही, नारळ घेतो. पोराला घेऊन या, रविवार-बुधवार.

वारणाकाठ

शिराळकर दादा, माया करून सांगितलंत, पण माळ मी पण घातली होती, २००५ च्या पुरानंतर. महिन्यात उतरली, कावीळही उतरली. लॅबवाल्या ताईंचं वाचून आता डोक्यात प्रकाश पडला, ती पाण्याची कावीळ होती, आपोआपच जाणार होती. माळेनं फुकटचा मान घेतला आणि मी त्या माणसाला कोंबडा दिला होता.

ताई, सुई बाटलीत घातली. अण्णांना सांगितलं तर रागावले, "चाळीस वर्षं काढतोय, एक कान वाकडा केला नाही." मी म्हणालो, कान वाकडा झालाच नाही, बाकीचं काय झालंय ते रक्त तपासल्याशिवाय कुणाला कळणार. ते गप्प बसले. मग म्हणाले, "माझ्यासुद्धा बोटाला टोचलीय की रं ती कितींदा."

एक विचारायचं राहिलं. आमच्या गावात २००१ ला मंडळानं लसीचं शिबिर घेतलं होतं, त्यात मी एक डोस घेतला होता. पुढचे राहिले. तो वाया गेला का?

पीएचसी_सिस्टर

वस्ताद, तो डोस वाया गेला नाही. बँकेतल्या ठेवीसारखा पडून आहे, उरलेले दोन घ्या. पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते, मध्ये कितीही वर्षं गेली तरी. ती शिबिरं मला चांगली आठवतात, मी तेव्हा नर्सिंगला होते. १९९७ ला हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं आपल्याकडं बनवलेली लस बाजारात आणली, तोवर बाहेरची लस एका डोसला काहीशे रुपये पडायची. किंमत खाली आली तशी गावोगाव मंडळांनी शिबिरं लावली. पहिल्या डोसला मांडवाबाहेर रांग, दुसऱ्याला निम्मी, तिसऱ्याला मंडळाचे अध्यक्ष आणि त्यांची मेहुणी.

तुमच्या लहान आठ जणांची कार्डं बघा. बाळांच्या सरकारी लसीकरणात ही लस २००२-०३ ला काही ठिकाणी सुरू झाली, २००७-०८ ला दहा राज्यांत गेली आणि २०११-१२ ला सगळ्या देशात. म्हणजे १२ ते १५ च्या पोरांना मिळालेली असण्याची शक्यता बरीच, १८ च्या वरच्यांना कमी. कार्डावर हिप-बी किंवा पेंटाव्हॅलेंट शोधा. पेंटाव्हॅलेंटमध्ये पाच लसी असतात, त्यातली एक हीच. कार्ड नसेल तर "दिली असेल" यावर जाऊ नका, नाहीच असं धरून द्या. जास्तीचा डोस कुणाला बाधत नाही.

मोठ्यांना तीन डोस: आज, एक महिन्यानं, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी. दंडाच्या वरच्या स्नायूत. हे मुद्दाम लिहितेय, कारण पैलवान कमरेखाली द्या म्हणून हटून बसतात, दंड दुखला तर जोर मारता येत नाहीत म्हणून. कुल्ल्यावर चरबीत सुई राहते आणि लस नीट लागू होत नाही. एक दिवस जोर राहू देत. तुमच्यात शंभर किलोच्या वरचा कुणी असेल तर डॉक्टरांना लांब सुई घ्यायला सांगा, आखूड सुई स्नायूपर्यंत पोचायची नाही.

तिसऱ्या डोसचं आत्ताच ठरवा. ऑगस्टला सुरू केलं तर तिसरा फेब्रुवारीत येतो, म्हणजे ऐन मैदानांच्या दिवसांत. उशीर झाला तरी चालतो, फक्त लवकर उरकू नका. घाई असेल तर ०, ७ आणि २१ दिवस असाही एक मार्ग आहे, पण त्यात वर्षानं चौथा डोस घ्यावाच लागतो, आणि तुमची पोरं वर्षानं कुठं असतील देव जाणे.

खर्च वाचवायचा असेल तर दहा डोसची बाटली मिळते, सुट्ट्यापेक्षा बरीच स्वस्त पडते. पण माणसं दहाच्या पटीत जमवा. आणि लस आणायला पोराला मोटारसायकलवर पिशवी घेऊन पाठवू नका. २ ते ८ अंशांत राहायला हवी. उन्हापेक्षा बर्फ वाईट. ही लस एकदा गोठली की मेली, आणि वरून बघून पटकन कळतही नाही. एका खासगी ठिकाणी मी फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात आइस्क्रीमशेजारी ठेवलेली बघितलीय. "सिस्टर, थंडच हवी ना?" म्हणे. लस तुमच्या डॉक्टरांनाच मागवायला सांगा, बर्फाच्या पिशवीला बाटली थेट चिकटलेली नसावी एवढं बघा.

सरकारी मोफत लस मोठ्यांमध्ये मुख्यतः आमच्यासारख्या कर्मचाऱ्यांना असते. तरी सिव्हिलला विचारून बघा. पोराच्या पुढच्या तपासण्या आणि लागलं तर औषध, हे मात्र राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस कार्यक्रमात मोफत आहे. हा कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला.

बैठका_५००

लसीनं ताकद कमी होते असं आमच्या जिममधला सर म्हणतो. सीझनमध्ये नको घ्यायला.

पीएचसी_सिस्टर

तुमचे सर ताकदीची इंजेक्शनं देतात का? देत असतील तर एका बाटलीतून आणि एका सुईतून किती जणांना, ते बघा. २००९ ला गुजरातमध्ये मोडासा भागात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या गेल्या आणि ह्याच रोगानं माणसं मेली. लसीनं एक-दोन दिवस दंड दुखतो, कुणाला बारीक ताप येतो. लसीत जिवंत विषाणू नसतो. त्याच्या आवरणाचं एक प्रथिन यीस्ट नावाच्या बुरशीत वाढवून घेतलेलं असतं.

कराडकडचा

मी सहसा इथं फक्त वाचतो. आज लिहितो.

मला २००९ ला कळलं. मीही रक्त दिलं होतं, मलाही असाच फोन आला. वय २२, ७४ किलोच. खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरापासून आमचं गाव सायकलच्या अंतरावर. त्या मातीत वाढलेल्या पोराला कुस्तीशिवाय दुसरं काही सुचत नसतं. मी वस्तादांना खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझी ट्रंक तालमीच्या बाहेर होती, वर माझं ताट ठेवलेलं. कुणी काही बोललं नाही. पुढं एक महिना मी घरात माझं ताट स्वतःच वेगळं करायचो, आई रडायची आणि तेच ताट ओढून त्यात जेवायची.

आज १६ वर्षं झाली. लिव्हर ठीक आहे. दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी. आठ वर्षं औषध नव्हतं. मग विषाणू वाढला म्हणून टेनोफोव्हिर सुरू केलं, रोज एक गोळी, आता रक्तात विषाणू सापडत नाही. दारूला शिवत नाही. डब्यातली पावडर, कुणी दिलेलं जडीबुटीचं चूर्ण, काही घेत नाही. सगळं लिव्हरवरूनच जातं. लग्नाआधी मुलीला आणि तिच्या वडिलांना रिपोर्ट दाखवले. डॉक्टरांनी त्यांना समजावलं, तिचे तीन डोस झाले, नंतर रक्तात प्रतिपिंडं किती झाली तेही मोजून घेतलं, दहाच्या वर हवीत, तिची चारशेवर होती. मग लग्न. दोन मुलं. दोघांना जन्मल्यावर २४ तासांच्या आत डोस आणि मग पुढचे. दोघंही निगेटिव्ह.

वस्ताद, तुमच्या पोरानं रात्री येऊन तुम्हाला विचारलं, म्हणजे तुम्ही ट्रंक बाहेर ठेवणार नाही हे त्याला माहीत होतं. बाकीच्या पोरांना त्याचं नाव कळायची काही गरज नाही. सगळ्यांची तपासणी एकाच दिवशी लावा, रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात. लसीच्या दिवशी तो मिरजेला तपासणीला गेलेला असू दे. पंचवीस पोरांत रांगेत कोण नव्हतं हे कोण मोजतंय.

आणि लगेच जोड लावू नका. जोर, बैठका, रस्सी, पळणं सगळं चालू दे. विषाणू किती आहे ते कळेपर्यंत आणि बाकीच्यांची लस होईपर्यंत लढत नको. मला हे कुणी सांगितलं असतं तर मी अजून दोन-तीन हंगाम खेळलो असतो.

वारणाकाठ

कराडकर, तुमचं वाचून रात्री पोराला बोलावलं आणि मोबाइल त्याच्या हातात दिला. त्यानं वाचलं. नंतर पहिल्यांदा नीट जेवला.

ऑगस्टचं सांगतो. इस्लामपूरच्या एका डॉक्टरांशी बोललो, भला माणूस आहे, तालमीत यायला तयार झाला. मोठ्या पोरांत आमचा हा सोडला तर १६ राहतात. बाटली दहाची, म्हणजे दोन बाटल्यांत चार डोस उरणार. चार माणसं शोधली: मी, आचारी, नाभिक मामा आणि कानवाले अण्णा. अण्णांना आणायला मी स्वतः गेलो. लहान आठांपैकी पाच जणांच्या कार्डावर ही लस निघाली. तिघांची कार्डं पुरात गेलेली, त्यांची वेगळी लहान बाटली डॉक्टरांनी आणली. लसीला पैसे गेले ते तालमीच्या एका महिन्याच्या बदामांएवढे. महिनाभर पोरांनी शेंगदाणे खाल्ले. गूळ होताच.

सकाळी रक्त काढलं, रांगेत आमचं पोरगंही होतं. मातीत दोन-दोनशे जणांसमोर उतरणारी पोरं, सुई बघून दोघं घेरी येऊन खाली बसली. रिपोर्ट आले. २० च्या २० निगेटिव्ह, अण्णांसकट. अण्णांनी रिपोर्ट वाचता येत नाही म्हणून माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. मी पण देवाला नारळ फोडला, तिथं खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या डोसला माझी गरज नव्हती, २००१ चा धरला होता. एक डोस वाया गेला, आचारी हळहळला, "माझ्या भाच्याला तरी द्यायचा."

पोराच्या घरचं असं निघालं. त्याची आई पॉझिटिव्ह. तिला काहीच माहीत नव्हतं, कधी काही झालं नव्हतं. तो २००६ ला आजोळी घरीच जन्मला, लस नाही. त्याची बहीण २०१३ ला सरकारी दवाखान्यात झाली, जन्मल्या जन्मल्या डोस मिळालेला, कार्डावर तारीख आहे. ती निगेटिव्ह. ताई, तुमचा पाळण्याचा संशय खरा ठरला. म्हणजे आमच्या मातीतनं त्याला आलं नव्हतं. उलट त्याचं आमच्या सुईतनं सोळा जणांत जायला कितीसा वेळ होता? चार कान झाले त्यात त्याचाही एक होता. मी अण्णांना विचारलं, त्याचा कितवा. म्हणाले शेवटचा. बस, एवढ्यावर निभावलं.

मिरजेची_लॅबवाली

वस्ताद, त्याच्या आईला एकटं सोडू नका, बायका अशा वेळी स्वतःलाच दोष देतात. तिलाही कुठून तरी, बहुधा तिच्या आईकडूनच, आलेलं असतं. तिची तपासणी आणि सोनोग्राफी आधी करा, तिचं वय झालंय. आणि तिच्या नवऱ्याचं रक्त तपासलं का?

कानात शेवटचा निघाला म्हणून मीही सुटकेचा श्वास सोडला. तरी शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी त्या कानवाल्या पोरांची प्रतिपिंडं मोजून घ्या. सगळ्यांची मोजायला पैसे घालवू नका.

वारणाकाठ

नवऱ्याचं तपासलं, निगेटिव्ह, त्याचेही डोस सुरू झाले. आईला सहा महिन्यांनी बोलावलंय, औषध सुरू केलंय.

मार्च उजाडला, तिसरा डोस झाला. सिस्टर, तुम्ही म्हणालात तसंच झालं. ठरल्या दिवशी पाच जण मैदानांना गेलेले, त्यांना सतरा दिवसांनी गाठून दिला. एकाला तर मैदानाच्या गावातून गाडीत घालून आणला, डोक्यावर फेटा तसाच, इनामाची चांदीची गदा मांडीवर, आणि डॉक्टर म्हणतात बाही वर कर.

पोराचं जानेवारीत परत तपासलं, पॉझिटिव्हच आहे, म्हणजे मुक्कामीच पाहुणा. पण विषाणू थोडे आहेत, लिव्हर चांगलं, गोळी सध्या नको म्हणाले, दर सहा महिन्यांनी या. बाकीच्यांचे डोस पुरे झाले, अंगावर उघडी जखम नसेल तर लढत चालेल म्हणून लिहून दिलं. परवा उतरला. आठ महिन्यांनी. पहिल्याच जोडीत ढाक मारला आणि स्वतःच हौद्याच्या काठाला घासून कोपर सोलून घेतलं. मी शिट्टी मारली, पट्टी बांधली, तेवढी माती खुरप्यानं काढली, मग परत उतरवला. बाकीच्यांना वाटतं वस्ताद म्हातारपणी चिकट झालाय. आता कुणाचंही रक्त आलं की तेच करतो, त्यामुळं कुणी काही मनावर घेत नाही.

नाभिक मामांचं एक राहिलं. त्यांनी आता दर डोक्याला नवं पातं लावलंय, भाव पाच रुपयांनी वाढवलाय, त्याबद्दल आमचं भांडण चालू आहे. पण त्यांच्या भावाचं आष्ट्यात दुकान आहे, चार कारागीर आहेत, कारागिरांच्या घरचे धरले तर नऊ होतात. दहाची बाटली घ्यावी का म्हणून विचारतात. सिस्टर, नऊच आहेत, दहावा मिळत नाही. तेवढं सांगा.